प्रयोगवहीतील इंग्रजी

“आफ्टर बीइंग हीटेड फॉर टेन मिनिट्स, आय पुट द थर्मामीटर इन द वॉटर.”

अकरावीच्या एका प्रयोगवहीत हे वाक्य मला आढळले. लिहिणाऱ्याला म्हणायचे होते ते असे : पाणी दहा मिनिटे तापवले आणि मग त्यात तापमापक ठेवला. पण इंग्रजीत त्या वाक्याचा अर्थ निराळाच होतो : ‘दहा मिनिटे तापवला गेल्यानंतर मी पाण्यात तापमापक ठेवला.’ म्हणजे बर्नरवर चढवले गेले ते पाणी नव्हे, तर आमचे विद्यार्थिराज!

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण सेमी-इंग्रजी वर्गात विज्ञान इंग्रजीतून शिकत असतील, तर काहींची इंग्रजी परिभाषेशी पहिली गाठ अकरावीतच पडेल. प्रयोगवही इंग्रजीतून लिहिण्याची वेळ मात्र बहुतेकांवर येते. मी भौतिकीचा अध्यापक आहे, इंग्रजीचा नव्हे. परंतु गेली वीस वर्षे अशा वह्या तपासताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. स्पेलिंग चुकले तर फारसे बिघडत नाही. ‘थर्मामीटर’मधले एखादे अक्षर गळाले तरी तापमापक तापमापकच राहतो. पण काही चुका अशा असतात की त्यांनी प्रयोगच बदलतो. पाणी तापवायचे ते माणूस तापतो, एका चुंबकाचे दोन चुंबक होतात, मीटरचे मिलिसेकंद होतात. या लेखात प्रामुख्याने अशाच चुकांचा विचार करू या.

आणखी एक सांगून ठेवतो. इंग्रजी वाक्ये येथे देवनागरीतच दिली आहेत. वाचताना ती रोमन लिपीत उतरवून घ्यावीत. देवनागरीत लिहिण्याचा एक फायदाही आहे. तो पुढे दिसेलच.

प्रथम त्या तापलेल्या विद्यार्थ्याकडे पुन्हा वळू. असे वाक्य का होते? समजा, तुम्हांला लिहायचे आहे : ‘कळ दाबल्यावर गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला.’ मराठी वाक्य अगदी शुद्ध आहे. कळ दाबणारे तुम्ही, हलणारा काटा. कर्ते दोन आहेत, पण ‘दाबल्यावर’ या रूपाला ते चालते. आता याचे इंग्रजी पुष्कळ मुले असे करतात : “प्रेसिंग द की, द नीडल मूव्ड.” येथे घोटाळा होतो. कारण इंग्रजीतील हे ‘इंग’वाले रूप मराठीच्या ‘दाबल्यावर’सारखे नसून ‘दाबून’सारखे आहे. ‘कळ दाबून काटा हलला’ असे कोणी म्हटले तर तुम्ही हसाल. काट्याने कळ कशी दाबली, असे विचाराल. नेमके तेच इंग्रजी वाचकाला वाटते. दाबणारा आणि हलणारा एकच असावा, ही त्या रूपाची अट आहे.

म्हणून माझी एक युक्ती आहे. ‘इंग’ने सुरू होणारे वाक्य लिहिले की त्याचे मराठी ‘ऊन’ लावून करून पाहावे. ‘वही उघडून मी वाचन लिहिले’ हे बरोबर, म्हणून “ओपनिंग द नोटबुक, आय रोट डाउन द रीडिंग” हेही बरोबर. ‘कळ दाबून काटा हलला’ हे विचित्र, म्हणून इंग्रजीही विचित्र. ते दुरुस्त करायचे तर “व्हेन द की वॉज प्रेस्ड, द नीडल मूव्ड” असे लिहावे. पहिल्या उदाहरणाची दुरुस्तीही याच वाटेने होते : “आफ्टर द वॉटर हॅड बीन हीटेड फॉर टेन मिनिट्स, आय पुट द थर्मामीटर इन इट.”

मराठीतही अपवाद आहेत, हे चाणाक्ष वाचक म्हणतीलच. ‘दोर तुटून बादली विहिरीत पडली’ यात तुटला दोर आणि पडली बादली, तरी वाक्य खटकत नाही. कारण एक घटना दुसरीचे सरळ कारण आहे. इंग्रजीत असे करायला गेलात तर “द रोप” हा शब्द वाक्यात उघड लिहावा लागतो. आणि “युझिंग अ स्क्रू गेज, द डायमीटर वॉज मेझर्ड” या वाक्याचे काय? नियमाने पाहिले तर हेही चूकच, कारण व्यास काही स्क्रू गेज वापरत नाही. पण छापील शोधनिबंधांत ते सर्रास आढळते. काही संपादक ते खोडतात, काही तसेच ठेवतात. मी त्याचे गुण कापत नाही. त्याने कोणाचा गैरसमज होत नाही आणि प्रयोग बदलत नाही.

आता प्रयोग बदलतो म्हणजे काय होते, ते सांगतो. ही गोष्ट माझ्याच चुकीची आहे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ओहमच्या नियमाच्या प्रयोगासाठी मी एक सूचनापत्र तयार केले. प्रयोग तुम्हांला माहीत आहेच. मंडलातील प्रवाह टप्प्याटप्प्याने वाढवायचा आणि दर वेळी व्होल्टमीटरचे वाचन घ्यायचे. प्रवाह ०.५ अँपिअरवर असताना सुरुवात, मग “इन्क्रीज द करंट बाय ०.५ अँपिअर” या सूचनेनुसार १ आणि १.५. शेवटचे वाचन २ अँपिअरला घ्यायचे होते. आधीच्या ओळी लिहिताना ‘बाय’ हातात बसले होते, त्याच ओघात मी शेवटी लिहून गेलो : “लास्टली, इन्क्रीज द करंट बाय २ अँपिअर.” लिहायला हवे होते ‘टु’. ‘टु’ म्हणजे २ पर्यंत; ‘बाय’ म्हणजे आहे त्यात २ ची भर. दीडमध्ये दोन मिळवले की साडेतीन होतात, आणि आमचा अ‍ॅमीटर होता ० ते ३ चा.

पहिल्या तुकडीतल्या मुलांनी पत्र न वाचता शेजाऱ्याचे पाहून प्रयोग केला, त्यामुळे काही झाले नाही. दुसऱ्या तुकडीत एक मुलगा होता, अबोल आणि फार काटेकोर. त्याने पत्रात होते तसे केले. काटा ३ वर जाऊन टेकला. साडेतीन कधी येणार म्हणून तो ऱ्हिओस्टॅट सरकवीत राहिला. काटा आणखी पुढे जाणार कुठे? आतले वेटोळे जळल्याचा वास आला तेव्हा मी धावलो. मी त्याला सर्वांसमक्ष बोललो. अ‍ॅमीटरवर ३ च्या पुढे आकडे नाहीत, हे तुला दिसत नाही का, असे विचारले. तो काही बोलला नाही. मोडतोडीच्या वहीत त्याच्या नावावर रक्कम मांडली गेली आणि ती त्याने भरली.

सूचनापत्र मी पुन्हा वाचले ते पुढच्या वर्षी, नव्या तुकडीसाठी प्रती काढताना. तोवर तो मुलगा महाविद्यालय सोडून गेला होता. त्या पत्रावर मी तांबड्या शाईने ‘बाय’ खोडून ‘टु’ केले. ते पत्र अजून माझ्या खणात आहे.

हे मी का सांगतो? वाक्याचा शब्दशः अर्थ घेणारा वाचक हा आळशी वाचकापेक्षा चांगला असतो, आणि चुकीच्या वाक्याचा फटका त्यालाच बसतो. गंमत अशी, की मराठीत माझी ही चूक झाली नसती. ‘२ अँपिअरपर्यंत वाढवा’ आणि ‘२ अँपिअरने वाढवा’ यांत ‘पर्यंत’ आणि ‘ने’ इतके वेगळे दिसतात की हात आपोआप थांबतो. म्हणून ‘टु’ लिहिताना मनात ‘पर्यंत’ म्हणावे आणि ‘बाय’ लिहिताना ‘ने’ म्हणावे. कमी करतानाही तेच : “रिड्यूस्ड टु ३०” म्हणजे ३० वर आणले, “रिड्यूस्ड बाय ३०” म्हणजे ३० ने उतरवले.

पटीच्या बाबतीत मात्र मराठीही आपल्याला वाचवीत नाही. ‘तिपटीने वाढले’ म्हणजे तिप्पट झाले, की मूळ अधिक तिप्पट मिळून चौपट झाले? बोलताना आपण हे सोडून देतो. इंग्रजीतील “इन्क्रीज्ड थ्री टाइम्स” तर तिसराही अर्थ देते : तीन वेळा वाढवले. अशा वेळी ‘वाढणे’ हे क्रियापदच टाळावे आणि “बिकेम थ्री टाइम्स इट्स ओरिजिनल व्हॅल्यू” असे लिहावे. वाक्य थोडे लांबते; लांबू द्यावे.

आता तुलनेकडे येऊ. “द रेझिस्टन्स ऑफ द कॉपर वायर इज लेस दॅन द निक्रोम वायर.” वरवर पाहता यात काही वावगे दिसत नाही. पण तुम्ही समीकरण तपासताना काय करता? दोन्ही बाजूंच्या मिती सारख्या आहेत की नाहीत ते पाहता. डावीकडे मीटर आणि उजवीकडे सेकंद आले की समीकरण चुकले, हे गणित न करताच कळते. तीच कसोटी या वाक्याला लावा. डावीकडे आहे रोध, म्हणजे काही ओहम. उजवीकडे आहे सबंध तार! ओहमची तुलना तारेशी होत नाही, ओहमशीच होते. म्हणून “लेस दॅन दॅट ऑफ द निक्रोम वायर.” हा छोटासा ‘दॅट’ म्हणजे उजव्या बाजूला ठेवलेला रोध होय. मराठीत ‘तांब्याच्या तारेचा रोध निक्रोमच्या तारेपेक्षा कमी असतो’ असे आपण म्हणतो आणि ऐकणारा ‘रोधापेक्षा’ हा भाग मनाने भरून घेतो. इंग्रजीत लिहिताना तो भरून देण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते.

मितींची हीच कसोटी “द टेंपरेचर वॉज हॉट” आणि “द स्पीड इज फास्ट” या वाक्यांनाही लागू पडते. गरम असते ते पाणी. तापमान ही एक संख्या आहे, आणि संख्या जास्त असते किंवा कमी असते. म्हणून टेंपरेचर ‘हाय’ आणि स्पीड ‘ग्रेट’ किंवा ‘हाय’. वजन ‘हेवी’ नसते, दगड हेवी असतो.

काळाच्या बाबतीत मराठीने आपल्याला एकच शब्द दिला आहे, ‘पासून’. ‘दहा वाजल्यापासून पाणी उकळते आहे’ आणि ‘दहा मिनिटांपासून पाणी उकळते आहे’ या दोन्ही वाक्यांत तोच शब्द. त्यामुळे “द वॉटर इज बॉइलिंग सिन्स टेन मिनिट्स” हे वाक्य दर वर्षी निदान वीस वह्यांत तरी सापडते. इंग्रजीने येथे भौतिकीला सोयीचा भेद केला आहे. काळाचा अक्ष आखा. त्यावरील एखादा बिंदू, म्हणजे घड्याळातला क्षण, सांगायचा असेल तर ‘सिन्स’. त्या अक्षावरील दोन बिंदूंमधले अंतर, म्हणजे कालावधी, सांगायचा असेल तर ‘फॉर’. दहा वाजणे हा बिंदू आहे, दहा मिनिटे हे अंतर आहे. “हॅज बीन बॉइलिंग सिन्स टेन ओ’क्लॉक”, पण “हॅज बीन बॉइलिंग फॉर टेन मिनिट्स”. ‘इज’चे ‘हॅज बीन’ का झाले, तेही त्या अक्षावरच दिसते : उकळणे मागे सुरू झाले आणि आतापर्यंत पोचले, म्हणून दोन्ही टोके सांभाळणारे रूप हवे.

‘अ’, ‘अ‍ॅन’ आणि ‘द’ ही उपपदे मराठीत नाहीत, म्हणून ती आपल्याला जड जातात, असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. ‘एक चुंबक घेतला. तो चुंबक वेटोळ्यात सरकवला.’ येथे ‘एक’ आणि ‘तो’ काय करतात? पहिल्यांदा वस्तूची ओळख करून देताना ‘एक’, ओळख झाल्यावर ‘तो’. इंग्रजीत पहिल्या जागी ‘अ’, दुसऱ्या जागी ‘द’. आता हे वाचा : “अ मॅग्नेट वॉज प्लेस्ड निअर अ कॉइल. देन अ मॅग्नेट वॉज पुश्ड इन्टु अ कॉइल.” टेबलावर चुंबक किती? वाचणारा दोन म्हणेल, आणि वेटोळीही दोनच धरील. दुसऱ्या वाक्यात दोन्ही ठिकाणी ‘द’ घातले की एक चुंबक आणि एक वेटोळे उरते. शंका आली की मराठीत ‘तो, ती, ते’ लावून पाहावे. शोभले तर बहुधा ‘द’ येते. बहुधा म्हणतो, कारण “द सन”, “द अर्थ” यांना ओळखीची गरज नसते. सगळे त्यांना ओळखतातच.

‘अ’ की ‘अ‍ॅन’ हा प्रश्न मात्र देवनागरीत चटकन सुटतो. पुढचा शब्द रोमन लिपीत कोणत्या अक्षराने सुरू होतो याला येथे महत्त्व नाही; तो कोणत्या उच्चाराने सुरू होतो हे पाहावयाचे. आणि उच्चार तर देवनागरी दाखवतेच. शब्द देवनागरीत लिहा. पहिले अक्षर ‘अ, आ, इ, ए, ऑ’ अशा स्वराचे आले तर ‘अ‍ॅन’, व्यंजनाचे आले तर ‘अ’. ‘युनिट’ य ने सुरू होते, म्हणून “अ युनिट”. ‘युनिफॉर्म’ही तसेच, म्हणून “अ युनिफॉर्म मॅग्नेटिक फील्ड”. या ठिकाणी निम्मा वर्ग ‘अ‍ॅन’ लिहितो, कारण रोमन लिपीतले पहिले अक्षर ‘यू’ हे स्वर म्हणून पाठ केलेले असते. ‘अवर’ अ ने सुरू होतो, म्हणून “अ‍ॅन अवर”, मग रोमन लिपीत पुढे ‘एच’ का असेना. “अ‍ॅन एक्स-रे”, “अ‍ॅन एस. आय. युनिट”, “अ‍ॅन एल. ई. डी.”. अर्धवाहकांच्या धड्यात तर दोन्ही शेजारी शेजारी येतात : “अ पी-टाइप” आणि “अ‍ॅन एन-टाइप”. रोधाचेही तेच : “अ वन-ओहम रेझिस्टर”, पण “अ‍ॅन एट-ओहम रेझिस्टर”. आकडा ८ असा लिहिला तरी तोंडाने ‘एट’च येते, म्हणून ‘अ‍ॅन’.

‘ओन्ली’ हा शब्द म्हणजे आपला ‘च’. पण ‘च’ ज्या शब्दाचा त्यालाच चिकटतो. ‘ओन्ली’ मोकळा फिरतो आणि भलत्याच्या शेजारी जाऊन बसतो. ‘आम्हीच लांबी मोजली’, ‘आम्ही लांबीच मोजली’ आणि ‘आम्ही लांबी मोजलीच’ यांचे अर्थ किती निराळे आहेत! पहिल्यात दुसऱ्या कोणी मोजली नाही, दुसऱ्यात रुंदी मोजली नाही, तिसऱ्यात कोणी अडवले तरी मोजली. इंग्रजीत पहिल्यासाठी “ओन्ली वी मेझर्ड द लेंग्थ”, दुसऱ्यासाठी “वी मेझर्ड ओन्ली द लेंग्थ”. तिसऱ्या ‘च’साठी ‘ओन्ली’ चालतच नाही. “वी डिड मेझर द लेंग्थ” असे लिहावे लागते. मराठीत ज्या शब्दाला ‘च’ लावाल, त्याच्या अगदी पुढ्यात ‘ओन्ली’ बसवावा.

बाकीच्या काही चुका भराभर पाहून टाकू, कारण त्यांत समजण्यासारखे थोडे आणि सवयीचे जास्त आहे. “डिस्कस अबाउट” नको, नुसते “डिस्कस”. ‘विषयी’ हा अर्थ त्या क्रियापदातच आहे. “कंप्राइझेस ऑफ” आणि “रिटर्न बॅक” यांतला शेवटचा शब्द असाच जादा. “डिड नॉट फाउंड” यात भूतकाळ दोनदा आला. ‘डिड’ने तो आधीच सांगितला आहे. व्हर्निअरचा शून्यदोष एकदा वजा केल्यावर पुन्हा वजा करण्यासारखे हे आहे. “वन ऑफ द वायर” नको, “वन ऑफ द वायर्स”; ‘तारांपैकी एक’ म्हणताना आपणही ‘तारां’ असे अनेकवचनच वापरतो. “इक्विपमेंट्स” आणि “इन्फर्मेशन्स” ही अनेकवचने प्रयोगवहीत नकोत. साधने दहा असली तरी “इक्विपमेंट” एकवचनीच. “प्रपोर्शनल विथ” नव्हे, “प्रपोर्शनल टु”.

एककांच्या चिन्हांची गोष्ट व्याकरणाची नसून आंतरराष्ट्रीय कराराची आहे, तरी ती येथेच सांगतो. एस. आय. पद्धतीला हे नाव १९६० साली मिळाले. तिच्या नियमांप्रमाणे चिन्हाला अनेकवचनाचा ‘एस’ लावायचा नसतो. ५ किलोग्रॅम लिहिताना ‘केजी’ पुरे, ‘केजीएस’ नको. हा नियम कोरडा वाटतो, पण मीटरच्या ‘एम’ला ‘एस’ लावून पाहा. ‘५ एमएस’ म्हणजे ५ मिलिसेकंद! तारेची लांबी सांगायला निघालात आणि वेळ सांगून बसलात. तसेच, एककाचे नाव पूर्ण शब्दात लिहिताना ते शास्त्रज्ञाच्या नावावरून आलेले असले तरी पहिले अक्षर लहान लिपीतले असते. न्यूटन हा माणूस मोठ्या ‘एन’ने, न्यूटन हे एकक लहान ‘एन’ने. चिन्ह मात्र मोठे. आणि ‘डिग्री केल्व्हिन’ म्हणणे १९६७ साली रद्द झाले. तेव्हापासून नुसते ‘केल्व्हिन’. जुन्या पुस्तकांत ‘डिग्री’ दिसली तर पुस्तक जुने आहे, इतकेच समजावे.

प्रयोगवहीत ‘मी’ येऊ नये, सगळे कर्मणीत लिहावे, असे पुष्कळ शिक्षक सांगतात. मला ते पूर्णपणे पटत नाही. न्यूटनने प्रकाश आणि रंग यांवरचा आपला लेख, जो १६७२ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला, तो ‘मी’ वापरूनच लिहिला आहे. तुमच्या शिक्षकांनी कर्मणी सांगितले असेल तर तसेच लिहा, वाद घालू नका. पण “द रीडिंग वॉज टेकन बाय मी” यातले “बाय मी” तेवढे काढा. ‘वाचन घेतले’ एवढे मराठीत पुरते, तसे “द रीडिंग वॉज टेकन” एवढे इंग्रजीत पुरते.

कोणाला वाटेल, इंग्रजांना हे सारे जन्मजात येत असणार. मायकेल फॅरेडेची गोष्ट ऐका. १७९१ साली एका लोहाराच्या घरी जन्मलेला हा मुलगा. शाळेत वाचणे, लिहिणे आणि जुजबी हिशेब एवढेच झाले, आणि चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार म्हणून लागला. इंग्रजी ही त्याची मातृभाषा, पण आपले लेखन विस्कळीत आहे हे त्याला स्वतःलाच जाणवत होते. १८१२ साली त्याने बेंजामिन अ‍ॅबट या मित्राशी पत्रव्यवहार सुरू केला, त्यामागे विचार नीट मांडायला शिकणे हाही एक हेतू होता. पुढे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लागल्यावर एडवर्ड मॅग्राथ आणि आणखी काही मित्र यांच्याबरोबर त्याने एक मंडळ जमवले. ही मंडळी संध्याकाळी जमत, एकत्र वाचन करीत आणि एकमेकांचे उच्चार व वाक्यरचना सुधारीत. टीका अगदी स्पष्ट असे, भीडभाड ठेवीत नसत, आणि तिचा फार उपयोग झाला असे फॅरेडेने नंतर नोंदवून ठेवले आहे. विजेवरील आपल्या संशोधनाचे परिच्छेद त्याने क्रमांक घालून लिहिले. ते तीन हजारांहून अधिक भरले. मागच्या कोणत्याही विधानाकडे तो क्रमांकाने बोट दाखवू शके. योग्य शब्द मिळेना तेव्हा विचारायलाही तो लाजला नाही. ‘अ‍ॅनोड’ आणि ‘कॅथोड’ हे शब्द त्याला १८३४ साली केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल यांनी सुचवले.

तसे मंडळ तुम्हांला वर्गातही जमवता येईल. आम्ही प्रयोगशाळेत एक खेळ करतो. दोघांनी वह्यांची अदलाबदल करावयाची आणि दुसऱ्याच्या वहीत जे लिहिले असेल तेच, तेवढेच, शब्दशः करावयाचे. लिहिणाऱ्याने तोंडातून अवाक्षर काढावयाचे नाही. शिक्षकांना विनंती, की आधी साधी लंबकाची वही घ्यावी. विजेच्या मंडलापासून सुरुवात करू नये. का, ते वर आलेच आहे! पहिल्या दिवशी आमच्याकडे एकाने लंबकाऐवजी स्टॉपवॉच दोऱ्याला टांगले, कारण वहीत ‘इट’ कोणाला उद्देशून होते हे ठरेना. लिहिणारी मुलगी तोंडावर हात ठेवून बसली होती. तिने नंतर स्वतःच ‘इट’ खोडून “द बॉब” लिहिले.

आता पुढील सहा वाक्ये तपासा. त्यांतले एक निर्दोष आहे. उत्तरे खाली दिली आहेत, पण आधी ती झाकून ठेवा.

(१) “होल्डिंग द मॅग्नेट स्टेडी, द कॉइल वॉज मूव्हड टुवर्ड्स इट.” (२) “द स्पीड ऑफ साउंड इन स्टील इज ग्रेटर दॅन एअर.” (३) “द आइस हॅज बीन मेल्टिंग सिन्स टेन ओ’क्लॉक.” (४) “अ‍ॅन युनिफॉर्म फील्ड अ‍ॅक्ट्स ऑन अ इलेक्ट्रॉन.” (५) “द व्हॉल्यूम ऑफ अ गॅस इज प्रपोर्शनल विथ इट्स टेंपरेचर.” (६) “द लेंग्थ ऑफ द पेंड्युलम वॉज इन्क्रीज्ड फोर टाइम्स, अँड द पीरियड बिकेम डबल.”

उत्तरे : पहिल्यात चुंबक वेटोळ्याने धरला आहे, “व्हाइल द मॅग्नेट वॉज हेल्ड स्टेडी” असे करा. दुसऱ्यात वेगाची तुलना हवेशी झाली. “दॅन दॅट इन एअर” हवे. तिसरे निर्दोष. चौथ्यात दोन्ही उपपदे उलटसुलट झाली आहेत. दोन्ही शब्द देवनागरीत पाहा. पाचव्यात ‘विथ’चे ‘टु’ करून ज्यांनी समाधान मानले त्यांना निम्मे गुण, कारण दाब स्थिर हवा आणि तापमान निरपेक्ष म्हणजे केल्व्हिनमधले हवे, हे वाक्यात कुठेच नाही. सहाव्याचा निवाडा भौतिकी करते. लंबकाचा दोलनकाल लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. लांबी २५ सेंटिमीटरची १०० सेंटिमीटर झाली, तर दोलनकाल बरोबर दुप्पट होतो. तीच २५ मध्ये चौपटीची भर पडून १२५ झाली असती, तर तो सुमारे २.२४ पट झाला असता. दोलनकाल दुप्पट झाला असे वाक्यातच म्हटले आहे, म्हणून लिहिणाऱ्याला १०० सेंटिमीटरच म्हणायचे होते, आणि त्याने लिहायला हवे होते : “द लेंग्थ वॉज मेड फोर टाइम्स इट्स ओरिजिनल व्हॅल्यू.”